सहा आठवड्यांचं पाणी

एकोणीस खोक्यांतून संग्रहालय आलं आमच्या गावात,
नेब्रास्काच्या त्या टोकाला, जिथे रस्ता
मक्याला कंटाळून वळतो आणि पुन्हा मक्यातच शिरतो.
वस्ती तीनशे चार. पाटीवर अजून एल्मर धरलेला आहे,
तो गुरुवारी गेला.

बंद पडलेल्या शाळेच्या जिममध्ये मांडलं सगळं,
बास्केटबॉलच्या रिंगखाली.
विषय: पाणी.
फलक उंच, देखणे,
शहरात शिकून आलेल्या भाच्यांसारखे.
सोबत छत्तीस पानांची वही: कोणता स्क्रू कुठे,
हातमोजे कधी, आणि परत भरताना
ओरखडान् ओरखडा लिहून काढायचा.

तुमचंही काही ठेवा म्हणाले, एक टेबल दिलं.
त्यावर आलं पंपाचं गंजलेलं हँडल,
लुडमिला ह्रूश्काच्या सासूचं लोणी घुसळायचं मडकं.
याचा पाण्याशी काय संबंध, मी विचारलं.
धुवायला कोण तुझा काका येत होता?
आणि एक फोटो, वाहून गेलेल्या पुलाचा,
म्हणजे नुसत्या नदीचाच.

चौथ्या फलकावर हिरवं बटण होतं.
नदीची गोष्ट ऐका.
दाबलं तर काही नाही.
पोरं दाबून गेली, पाद्री दोनदा दाबून गेले.

तिसऱ्या दिवशी ऑर्व्हिल त्वर्दी
घडीची खुर्ची घेऊन बटणाशेजारी बसला.
एक्क्याऐंशी वर्षं, कानात यंत्र, पायात चर्चचे बूट.
कुणी बटण दाबलं की हा सुरू.

पूल गेला त्या रात्रीची गोष्ट.
भाऊ पलीकडे, दुधाचा ट्रक घेऊन.
सोमवारी गाई अकरा होत्या, बुधवारी चौदा.
बहीण मागून ओरडायची, ट्रक निळा होता
आणि तू झोपला होतास.
दुसऱ्या शनिवारी मधेच थांबून त्याने टोपी काढली.
झोपलो नव्हतो, म्हणाला.
हाक आली होती. वारा आहे असं ठरवलं मी.
त्या दिवशी गाई मोजल्या नाहीत कुणी.

मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी उतरून
एउलालिया मातेओ आली, हातांना ब्लीचचा वास.
तिनेही बटण दाबलं. ऑर्व्हिल बोलला.
मग ती बोलू लागली, ग्वातेमालातल्या डोंगरावरच्या झऱ्याबद्दल,
आणि दहा वर्षांचा मुलगा वाक्यामागून वाक्य
इंग्रजीत उतरवत राहिला,
उतरवता उतरवता गप्प झाला.
म्हणाला, हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.
ऑर्व्हिलने खुर्ची रिकामी केली.

सहाव्या आठवड्यात लिंकनहून बाई आल्या,
कमरेला पेचकस, हातात वही.
चौथ्या फलकामागे हात घातला, काहीतरी फिरवलं,
आणि नदी बोलू लागली:
अडीच मिनिटं, खणखणीत, भलत्याच राज्यातली नदी.
आम्ही शेवटपर्यंत ऐकली. टाळ्याही वाजवल्या.
छान बोलते, ऑर्व्हिल म्हणाला,
पण थांबून विचारत नाही काही.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं बाई म्हणाल्या नाहीत,
फक्त माझ्याकडे बघितलं.
जिमची किल्ली माझ्याकडे असते, वाचनालयाचीही.
कबूल करते: पहिल्याच दिवशी, अकराव्यांदा ते ऐकल्यावर,
आवाज मीच शून्यावर नेला होता.
थोर हेतू वगैरे काही नव्हता.
डोकं दुखत होतं.

वहीत लिहिलं: चौथा फलक, ठीक. बटण, ठीक.
ओरखडे तीन, त्यातला एक आधीचा.
ट्रक गेला. लुडमिला मडकं घेऊन गेली,
जाताना आतून बोट फिरवून बघितलं तिने.

सोमवारी तीन वाजता दार वाजलं.
ऑर्व्हिल. मागे, जरा अंतरावर, तो मुलगा,
या वेळी आईशिवाय.
काही नाही रे आता इथे, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला.
भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं
आणि खुर्ची उघडली.