हरकती व सूचना

मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.
मंगळवारी रात्री आम्ही बसलो अक्कलकोट रोडला,
सादूलांच्या गोडाऊनवरच्या खोलीत,
पुरवठादार संघाचे अकरा जण.
कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचं पातेलं,
आणि मधोमध शासनाचा मसुदा :
कंत्राटदारांसाठी आचारनियम, पानं एकोणीस.

मी चिटणीस. माझं मराठी बरं
म्हणून निवेदन दर वेळी मीच लिहितो.
'सविनय सादर'पर्यंत हात आपोआप जातो.

नियम चार : अधिकाऱ्यास भेटवस्तू देऊ नये.
कोंडा म्हणाले, मग टॉवेल-टोपीचं काय?
आपल्यात पाहुणा आला की खांद्यावर टॉवेल पडतो,
व्याही असो, नाही तर मीटर बघायला आलेला पोरगा.
लिही : स्थानिक प्रथेचा विचार व्हावा.
लिहिलं.
टॉवेलच्या घडीत काय असायचं
ते ना कुणी बोललं, ना मी विचारलं.
घडी मलाच जमते सगळ्यांत चांगली,
तीन पदर, काठ आत.

नियम सात : नातेसंबंध जाहीर करावेत.
इथं हशा पिकला.
पूर्व भागात कोण कोणाचा मामा नाही?
यादी द्यायची तर लग्नपत्रिकाच जोडायच्या की.
लिही : अव्यवहार्य.
लिहिलं.

नियम अकरा : निवृत्तीनंतर दोन वर्षं
अधिकाऱ्यास नोकरीवर ठेवू नये.
पंखा तेवढा ऐकू येत होता.
खालच्या केबिनमध्ये बिराजदारसाहेबांची खुर्ची,
मागच्या दिवाळीपर्यंत
आमचीच बिलं तपासायचे ते.
लिही : अनुभव वाया जाऊ नये.
लिहिलं.

मग दाराजवळून सत्तम्मा येलगेटी बोलल्या.
चार माग, विडी घरकुलाच्या मागं पत्र्याची शेड,
वर्गणी वेळेवर, बोलणं कधी नाही.
"वसतिगृहाच्या चादरींना सातदा टेंडर भरलं.
सातदा नमुना पास.
सातदा दर खाली.
सातदा एक कागद कमी.
माझ्या हिशेबात टॉवेल बसत नाही हो.
नियम राहू द्या."

कुणीतरी दह्याचं पातेलं त्यांच्याकडं सरकवलं.

मला ते वसतिगृह आठवलं, डिसेंबरातलं.
बिलावर सही घ्यायला गेलो होतो, उशीर झाला.
पोरं दोन-दोन मिळून झोपली होती,
एकावर एक दोन चादरी.
चिमटीत धरली तरी वजन कळतं मला,
नमुना बाराशे ग्रॅमचा, ही नऊशेची.
काठावर लेबल आमचंच.
तेव्हाही सही घेतली
आणि शेवटची बस पकडली.

रात्री घरी बसून निवेदन पक्कं केलं.
अठरा हरकती, सुवाच्य अक्षर, कुठं खाडाखोड नाही.
सह्यांच्या वर दोन बोटं जागा उरली होती.
तिथं लिहिलं,
तीच शाई, जरा बारीक :
एकोणीस. श्रीमती येलगेटी यांची हरकत नाही.

बुधवार-गुरुवारी दहा सह्या झाल्या,
कुणी वाचलं नाही. संघाचं कोण वाचतंय?
अकरावी त्यांची, तेलुगूत.
त्यांनी मात्र बोट ठेवून सगळं वाचलं,
मग माझ्याकडं बघितलं,
आणि पेन झाकण लावून परत दिलं.

शुक्रवारी साडेचार. आवक खिडकी.
कारकून शेवटी अडखळला :
"हरकत नाही, ही हरकत कशी काय?"
म्हटलं, असू द्या. शिक्का मारा.
मारला.
पोच घेऊन पिशवीत ठेवताना हाताला लागला
सवयीनं आणलेला टॉवेल,
तीन पदर, काठ आत.

बाहेर सोलापूरचं ऊन, पाच वाजायला आले तरी.
घडी मोडली,
डोक्यावर घेतला.