कुताक

कार्डावर जागा दोनच ओळींची.
वस्तू: सुरी. धंदा: मासे.
पातं मोजलं मी, दीड इंच भरलं,
मूठ लाकडी, वर सुतळी गुंडाळलेली,
सुतळीच्या पिळात अजून मीठ.

नाव? मी विचारलं.
ओयरिकबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.
'कुताक.'
म्हणजे?
'म्हणजे आखूडली. थोटकी.
शेपूट उपटलेली कोंबडी असते ना, तशी.'

मी लिहिलं: कुताक, गेलिक शब्द, अर्थ आखूड.
झालं काम, वाटलं.
स्टॉर्नोवेची बस यायला वीस मिनिटं,
बाहेर वारा दाराला खांदा लावून उभा.

'आखूड का, ते नाही विचारलंस?'

लांब पातं मिजासखोर, त्या म्हणाल्या,
माशातून आरपार जातं
आणि पलीकडच्या तळहातात थांबतं.
हिला जायचं असतं कल्ल्याखाली, इतकंच,
एक गिरकी, आतडी उचलायची, बाहेर,
गाबोळीला धक्का न लावता.
तेवढ्यापुरतीच हिची लांबी.
गाय घ्यावी आखूडशिंगी, बहुदुधी,
सुरीचंही तेच.

मिनिटाला चाळीस हेरिंग.
मुकादम पाठीशी असला तर पन्नास.
साफ झालेला मासा मागे टाकायचा, न बघता:
लहान, मध्यम, भरलेला, मोठा भरलेला,
ज्याची त्याची टोपली.
मान वळवली की एक मासा बुडाला.

हिवाळ्यात विसार हातावर पडायचा,
उन्हाळ्यात पेटी बोटीवर चढायची.
लर्विक. मग खाली, बंदरामागून बंदर, यार्मथपर्यंत,
हेरिंग जातील तिकडे आम्ही.
तिघींची जोडी, म्हणायचे जोडीच,
मी आणि बेहक कापायला,
डोलिना भरायला, कारण ती उंच,
पिंपाच्या तळाशी पहिला थर लावताना
तिचे नुसते बूट दिसायचे वर.

सकाळी पिठाच्या पोत्याच्या चिंध्या फाडायच्या,
बोटाबोटाला गुंडाळून
दोऱ्याची गाठ दातांनी ओढायची.
तरी मिठाला वाट सापडतेच.
यार्मथला बेहकची तर्जनी सापडली त्याला.
आठ दिवस तिनं सांगितलं नाही कुणाला,
मजुरी तिघींत वाटली जायची ना.
डॉक्टरनं एक पेर काढलं. डावं.

पुढच्या हंगामात तिचं नाव बदललं.
कुणी ठरवलं, आठवत नाही.
तिथून पुढं कोणी ओरडलं, 'कुताक दे इकडे,'
की बेहक म्हणायची, 'मी देऊ, की सुरी?'
आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची.
नंतर कॅनडाला गेली, लग्न करून.
चाळीस वर्षं पत्रं आली, खाली सही तीच.
'नवऱ्याला वाटलं असेल लाडाचं नाव.
होतंही म्हणा.'

मी कार्डाकडे पाहिलं.
अर्थ आखूड, ही दोन अक्षरांची लबाडी
शाईत वाळून गेली होती.
ही सुरी तुमची? मी विचारलं.
'माझी? माझी समुद्रात पडली सत्तावीस साली.
सुतळी बघ ना. ही गाठ नऊ बोटांची.'

बस आली, थांबली, गेली.
त्यांनी हात पुढे केला,
द्यायची होती ती सुरी मागितली परत, घटकाभर.
अंगठा पात्याच्या पाठीवर
आपोआप जाऊन बसला.
रिकाम्या हवेत एक गिरकी,
मनगटातून, खांदा न हलवता,
आणि हातानं काहीतरी मागे फेकलं,
खुर्चीमागे, कोळशाच्या बादलीकडे.

मी वळून बघितलं.
त्यांनी नाही.

'मध्यम,' त्या म्हणाल्या.
'भरलेला नव्हता.'