मोकळे चौकोन

मंगळवारी आमची शाळा भुईकोटात भरते.
टेप घरी राहते, मग तटाची उंची
भार्गवच्या सावलीवरून काढावी लागते.
तो सरळ उभा राहत नाही,
म्हणून किल्ला दर खेपेला वेगळा भरतो.
वहीत तिन्ही आकडे आहेत. खोडू दिले नाहीत मी.

कांद्याची सालं उकळली, डाळिंबाची उकळली,
सुताला हवा तो पिवळा आलाच नाही.
माझ्या ओट्याला आला. अजून आहे.

'कितवीत आहे ही?' जाऊबाई दर सणाला विचारतात.
साहिती म्हणते, 'कांद्यात.'
मी हसते,
आणि रात्री कुशी बदलत राहते.

नान्नजला पहाटेच्या एसटीनं गेलो.
गवत गुडघ्याएवढं, तिघांत दुर्बीण एक.
काळविटाच्या खुरात प्लास्टर ओतलं,
सुकेपर्यंत कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी सांडली,
ठसा निघाला तो अर्धा, मुंग्यांसकट.
माळढोक?
वनरक्षक म्हणाला, 'ताई, भेटला तर
माझा पण नमस्कार सांगा.'
भार्गवनं तरी रकाने आखले: पक्षी, किती, वेळ.
चंडोल चार. भोवत्या एक, लांबून.
माळढोकापुढे शून्य काढलं,
थोडा वेळ बघत बसला,
मग शून्याला दोन पाय काढले.

साखर पेठेत लिंगय्या तातांचा माग आहे.
आधी चादरी होत्या, मग टॉवेल, आता गुडघे.
त्यांनीच शिकवलेलं: पुठ्ठ्याला भोक असेल
तिथं सुई शिरते, दोरा उचलतो, फूल उमटतं.
भोक नाही, तिथं काहीच नाही.
साहितीनं आलेखाच्या कागदावर माळ आखला,
गवत, खूर, कुंपणाची तार,
एकेक चौकोन भरत. तीन आठवडे गणित तेवढंच झालं.

तातांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
'काय करलालीस पोरी?
मधी एवढं मोकळं सोडलीस. डिझाईन चुकलंय बघ.'
'चुकलं नाही तात. तिथं तो आहे.'

ते बोटानं मोकळे चौकोन मोजत गेले.
लांब मान. जड पोट. पाय.
बोट तिथंच थांबलं.
शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट भिंतीतून येत होता.
मग त्यांनी हातोडी उचलली,
आणि त्याच्या कडेकडेनं भोकं पाडायला लागले,
एकही आत जाऊ न देता.

टॉवेल दिवाळीच्या आधी विणून आला.
जाऊबाईंनी नेमके त्यालाच हात पुसले.
'छान आहे गं, पण मधे नक्षी राहिलीय की!'
भार्गव आत गेला, दुर्बीण घेऊन आला
आणि गंभीर चेहऱ्यानं
त्यांच्या ओल्या हातात दिली.
उलटी.