त्रेचाळिसावा पत्ता

सिव्हिलमागच्या लॅबमध्ये, दुपारी तीनला, लाइट गेलेली.
इन्व्हर्टरवर मी एक अहवाल वाचते:
जनुक आरपीएसएल. जागा त्रेचाळीस.
लायसीन जाऊन आर्जिनीन.
नाव नाही, नुसता नंबर.
कन्ना चौकापलीकडचे माग गप्प झालेत,
म्हणून कावळे ऐकू येतात.

एस-बारा म्हणते मी त्याला, घरातल्यासारखं.
एकशे चोवीस अमिनो आम्लांचं एवढंसं प्रथिन.
एका अंगाला गाठोडं,
आणि एक लांब शेपूट आरएनएच्या गुंत्यात शिरून
थेट पलीकडे निघालेली.
साखळी जोडायचं काम त्याचं नाही,
ते आरएनए करतो.
हे फक्त बसलेलं असतं तिथं
जिथं निरोपाची तीन अक्षरं
आलेल्याच्या तीन अक्षरांशी ताडून बघतात.
जुळलं तर आत ये.
नाही तर जा बाबा, तुझं घर हे नव्हे.

माझे नायना, लचमय्या चिप्पा,
साखर पेठेत जॅकार्डचे पत्ते ठोकायचे.
भोक असेल तिथं धागा उचलायचा,
नसेल तिथं खाली.
एका मोराला चारशे बारा पत्ते.
एकदा एक भोक जास्त पडलं
आणि दोनशे चादरींवरचे मोर
डोळ्यात फूल पडलेले निघाले.
नायनांनी त्या भोकावर खळ लावून कागद चिकटवला
आणि आठवडाभर जेवताना भिंतीकडे बघत बसले.

उपमा इथवरच.
रायबोसोमला मालक नसतो,
शनिवारी हजेरी नसते,
आणि चुकलेला मोर परत करायला दुकान नसतं.

खोकला कापसाचा आहे, असं सगळेच म्हणत होते.
मग थुंकी तपासली.
रोज एक सुई, स्ट्रेप्टोमायसीन.
तेव्हा मी नववीत, सुईच्या पलीकडचं ठाऊक नव्हतं:
हे औषध बाराच्या शेजारी जाऊन बसतं
आणि ताडून बघणाऱ्याला ढिला करतं.
नको ते आत शिरतात,
जंतू स्वतःचंच चुकीचं कापड विणत मरतो.
पण त्रेचाळीसला एवढासा फरक पडला,
एएजीचं एजीजी झालं,
की औषधाला बसायला जागा उरत नाही.
लायसीन आणि आर्जिनीन तसे चुलत भाऊच,
दोघांवर सारखाच धन भार.
जंतूचं काम अडत नाही.
जवळपास तेवढ्याच वेगानं चालतं,
याचाच मला राग येतो.

नव्वद सुया झाल्या.
कानही गेले असणार त्या औषधानं,
पण अर्धे मागानं आधीच नेले होते,
त्यामुळं कुणाला कळलं नाही.
त्यांच्या जंतूचा अहवाल कुणी काढलेला नाही.
त्रेचाळीसच होता, असं मी म्हणू शकत नाही.
म्हणावंसं वाटतं, एवढंच.

हेच बारा, थोड्या फरकानं, माझ्या पेशीतही आहे.
हे वाक्य लिहिताना
कुठल्या कुठल्या पेशीत ते पहाऱ्यावर आहे,
आणि मला त्याचा पत्ता नाही.

लाइट येते.
एक माग सुरू होतो, मग शेजारचा, मग सगळी गल्ली.
मी रजिस्टर उघडते.
नंबरासमोर विडी घरकुल, गल्ली नाही, एक मोबाइल.
लावते.
पलीकडे खटखट, आणि एक बाई म्हणते,
आं? जोरात बोला की ओ,
काय ऐकू येईना.