कोंबड्याचं पान

सात पलंग, चौदा माणसं, नवरा धरून.
दिवसपाळीचा उठतो
तेव्हा रात्रपाळीचा दारात उभा असतो बूट हातात घेऊन,
पापण्या अजून काळ्या.
पारास्काच्या घरात गादी कधी निवत नाही,
असं सगळी वस्ती म्हणते. खरंच आहे ते.

मला लिहिता येत नाही.
म्हणून वहीत मी चित्रं काढते.
लेश्कोचा मासा, तो नदीकाठचा.
दिमितरची किल्ली,
गावी घराला कुलूप लावून आला आणि किल्ली गळ्यात घालून फिरतो.
घरात मागे कोण आहे, मी विचारलं नाही.
येलिसेयचा कोंबडा.
सगळ्यांच्या आधी जागा, आणि भांडायला तयार.

चित्राखाली रेघा:
राईचा पाव, कोबीचं सूप, साबण, रॉकेल.
शनिवारी टबात पाणी तापवून एकेकाची पाठ चोळते, तिची रेघ नाही.
कोळसा जखमेत शिरला की निळा होतो, मग निघत नाही.
येलिसेयच्या डाव्या खांद्यावर असा एक निळा ठिपका होता, वाटाण्याएवढा.
मी दर शनिवारी तो घासायचे.
तो म्हणायचा, मावशी, राहू दे, तेवढीच माझी मिळकत.

खाणीच्या कचेरीत त्याला नाव नव्हतं,
पितळी बिल्ला होता, दोनशे बारा.
तुमची नावं म्हणजे घशात अडकलेलं हाड, कारकून म्हणतो.
घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, दुकानातलं पीठ दीडपट भावाचं,
आणि महिनाअखेर पाकिटात पैशांच्या जागी कागद,
कागदावर एक लांब वळवळती रेघ, सापासारखी.
म्हणजे काही उरलं नाही.
इंग्रजीतलं तेवढंच मला वाचता येतं.

कसाई मला शेवटी बघतो,
रांगेत मी पहिली असले तरी.
हंकींना हाडं पुरतात, तो मागच्या बाईला सांगतो, हसत,
ती बाईही हसते, तिच्या पिशवीत मांस.
हंकी म्हणजे आम्ही.
माझ्या मित्रोला शाळेत हा शब्द त्याच्या नावाआधी कळला.

मंगळवारी भोंगा भलत्याच वेळी वाजला.
कंपनीची गाडी आली, पायरीवर थांबली,
ओसरीत त्याला ठेवलं पोत्याखाली
आणि घोडा वळवला.
खेचर मेलं की मुकादम स्वतः बघायला उतरतो.

कारकून आला. नाव?
मी वही उघडून दाखवली. कोंबडा.
त्याने पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं,
मित्रोने डोकावून वाचलं: जॉन.
मी म्हटलं, येलिसेय. तीनदा म्हटलं.
मग म्हटलं, बापाचं नावही सांगते.
तो म्हणाला, बाई, जॉन पुरे.
पेपरात आलं, मित्रोनेच वाचून दाखवलं,
दोघा माणसांची नावं, बायकांची नावं, चर्चचं नाव,
आणि शेवटी, "काही परदेशी".

बुधवारी पहाटे दिमितर कामावरून आला,
बूट काढले, आडवा झाला, आणि उठून बसला.
मावशी, गादी थंड आहे.

मी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली.
तो झोपला नाही. किल्ली दातात धरून बसून राहिला.

कोंबड्याच्या पानावर तीन डॉलर बाकी आहेत.
नवरा म्हणतो, खोडून टाक.
मी खोडत नाही.
गेलेल्याकडून येणं असतं तोवर तो कुठेतरी असतो,
असं काही मला वाटत नाही. पण खोडत नाही.

शनिवारी नवा पोरगा आला, ओठावर लव.
चित्र कसलं काढू, विचारलं,
तर म्हणाला, मला लिहिता येतं,
आणि वहीत मान तिरकी करून सावकाश नाव लिहिलं.
मला ते वाचता आलं नाही.

रात्री त्याला पलंग दाखवला.
पेंढ्यात येलिसेयच्या खांद्याचा खड्डा तसाच होता.
पोरगा त्यात झोपला.
खड्डा थोडा उरला.