अंदाजे

कोंबुलेच्या धावपट्टीला एकच दार आहे.
उतरायचं चढावर, उडायचं उतारावर,
आणि मागे डोंगर असा उभा
की चुकलेल्याला दुसरा फेरा नाही.

मी तिथे वजन करते.
तेव्हा सुरूच्या फांदीला टांगलेला काटा होता.
कॉफीची पोती, रताळी, दवाखान्याची खोकी.
माणसांना फक्त विचारायचं,
आणि माणसं नेहमी थोडं कमीच सांगतात.

त्या मंगळवारी काटा अडकला होता.
गंज. मी दोन टपल्या मारल्या,
मग वहीत लिहिलं: पोती सहा, अंदाजे तीनशे.
रात्रभर पाऊस झाला होता,
पोत्यांनी तो पोटभर पिऊन घेतला होता.
हे माझ्या हातांना कळलं होतं.
हातांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ऐन वेळी याम्बेने डुक्कर चढवलं,
भावाच्या लग्नात द्यायचं,
पाय बांधलेलं, आभाळ फाडणारं.
नोकी हसला: "एवढ्याने काय होतंय!"
दहा वाजत आले होते.
दहाला ढग खिंडीत बसायला येतात,
लहान पोरांनाही ठाऊक आहे.

आवाज गेला. मग नुसता गेलाच.

चौथ्या दिवशी मोरेस्बीहून लोआ वागी आली,
गुडघाभर चिखल, वही प्लास्टिकच्या पिशवीत.
माझ्या अंगणात तिने काठीने दरी काढली.
"हा मधोमध शिरला.
मधून गेलं की वळायला अर्धीच दरी उरते.
कडेने गेला असता तर सगळी मिळाली असती.
आणि विमान जड. चढेना.
इथवर वळता येत होतं."
काठी थोडी सरकली.
"इथून पुढे नाही."

दोन खुणांमध्ये वीतभर अंतर.
माझी कोंबडी ते सहज ओलांडून गेली.

मी विचारलं, चूक कुणाची?
तिने माझी वही मागितली.
बोट फिरवत त्या एका शब्दापाशी आली,
तो उतरवून घेतला,
माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट,
आणि वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

आता जमिनीवरचा काटा आहे.
पायलट असो, पाद्री असो, आधी त्यावर उभं राहायचं.
ओलं पोतं परत. डुक्कर परत.
लोक मला काट्याची सासू म्हणतात.
म्हणोत.

परवा केरेंगा उडाला
आणि वीस मिनिटांत परत आला,
तीच पोती, तीच माणसं, तेच चेहरे, फुगलेले.
बाजार बुडालेल्या बाईने चाकाला लाथ मारली.
तो ओशाळून म्हणाला, "खिंड दिसेना."
मी चुलीतलं सगळ्यात मोठं रताळं काढून
त्याच्या हातात ठेवलं. गरम होतं,
तो या हातातून त्या हातात झेलत राहिला.

नोकीची आई अजून मंगळवारी येते.
तिला कुठे जायचं नसतं.
चपला काढून काट्यावर उभी राहते
आणि माझ्याकडे बघते.
गेल्या महिन्यात पन्नास होती.
आज सेहेचाळीस, आठशे ग्रॅम.
"अंदाजे पन्नास" म्हणता आलं असतं,
तिला बरं वाटलं असतं.
मी खरा आकडा सांगते.
ती मान हलवते, चपला घालते, घरी जाते.