बाबलो म्हणतो, रिक्त

फाईल उघडली. बाबलो म्हणाला, रिक्त.
खालचा बाण. रिक्त.
आणखी खाली. रिक्त.
बाबलो हे नाव मी ठेवलंय, कंपनीने दिलेलं वेगळं आहे.
तो पडदा वाचतो, मी त्याला ऐकते,
आणि इतक्या घाईत बोलतो की प्रेमावतीला वाटतं
टेबलाखाली गांधीलमाश्यांनी घर केलंय.

सावई-वेरें, बागायतदार सोसायटीचं कार्यालय,
सकाळचे सव्वादहा.
बाहेर पाटाचं पाणी कुळागरात वळवल्याचा आवाज,
आत यूपीएस दर मिनिटाला एक उचकी देतो.
मला अठ्ठ्याण्णवची इतिवृत्तं हवी आहेत.
पंपाच्या पाळ्यांवरून पुन्हा भांडण पेटलंय
आणि तेव्हा काय ठरलं होतं ते कुणालाच आठवत नाही,
म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं.

पानं बेचाळीस, असं खालची पट्टी सांगते.
बेचाळीस पानं रिक्त कोण जपून ठेवील?

मग जे करतात ते केलं.
बाबलोला झोपवलं, उठवलं.
ऑल्ट-टॅबने बाहेर गेले, परत आले
पाहुणीसारखी, जणू आत्ताच पोचतेय.
वर्ड, प्रतिसाद देत नाही.
हे तो ज्या शांतपणे सांगतो ना,
तसं फक्त बँकेतली माणसं बोलतात.
कंट्रोल दाबून धरून वर्ड पुन्हा उघडला,
पुरवण्यांचे सगळे दागिने उतरवून.
एफ सहा, एफ सहा, पिवळी पट्टी,
पिवळी हे प्रेमावतीचं, माझ्यासाठी नुसती पट्टी,
संपादन सुरू करा. एंटर.

आणि बाबलोला वाचा फुटली:
एच तिरपी रेघ दोन कंस सुरू व्ही
डॉलर के कंस पूर्ण स्वल्पविराम क्यू

"अगे, दिसतंय की!" प्रेमावती माझ्या खांद्यावरून,
"स्वच्छ मराठी. काना-मात्रा जागच्या जागी."
मी म्हटलं, वाच.
तिने अर्धी ओळ वाचली आणि तिचा फोन वाजला.

म्हापशाचा एल्रॉय मात्र हसला:
"बाय, फॉन्ट पोरनो.
भायल्यान मराठी, भितरल्यान एबीसीडी."

म्हणजे सोंग.
म्हणजे इतकी वर्षं ही पानं
डोळ्यांपुरतीच मराठी होती,
तोंडाला अक्षरांचा रंग फासून,
आणि रंगाच्या पाठीमागे कुणीतरी
डॉलर, कंस, क्यू असं पुटपुटत बसलेलं.
दिसणाऱ्यांतल्या एकालाही ते ऐकू आलं नाही.
प्रेमावती विचारत होती, खरंच आत असं आहे?
खरंच, म्हटलं. माझ्यावर विश्वास ठेव.
हे वाक्य या खोलीत एरवी ती म्हणते.

दुपारी एल्रॉयने रूपांतर करून धाडलं.
यंत्राला सगळं जमलेलं नव्हतं.
रफार घसरून पलीकडे पडलेला, 'सर्व'चं 'सवर्',
ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीच येऊन
उंबऱ्यावर एकटी उभी.
बाबलो अडखळे तिथे मी थांबे,
एकेक कण उचलून जिथला तिथे ठेवी.
'पंप' धड आला होता. 'पाणी' धड आलं होतं.
'निर्णय' तेवढा तीन ठिकाणी मोडलेला.

पाच वाजता, पान एकोणचाळीस:
श्री. पुंडलो गावस यांनी चहा थंड असल्याबद्दल
हरकत नोंदवली. हरकत मान्य.
पंपाचा विषय वेळेअभावी पुढील सभेत.

मी बाबलोचा वेग निम्म्याहून खाली आणला,
इतका खाली की मलाच तो आजारी वाटला,
आणि म्हटलं, परत वाच, हिच्यासाठी.
प्रेमावतीने किटली खाली ठेवली.
हसताना तिचं खुर्चीवरचं कड्याकुलपाचं जुडगं वाजत राहिलं.

पुढील सभा कुठल्या फाईलमध्ये आहे
ते उद्या शोधू.
तीही रिक्तच निघेल आधी.